सर्व हक्क सरांच्या स्वाधीन

प्रश्न असा होता : परवाना न घेता सॉफ्टवेअरची प्रत काढून वापरणे, याला काय म्हणतात? पर्याय चार : शेअरवेअर, पायरसी, बॅकअप, यांपैकी नाही. खोलीतल्या सगळ्या पोरापोरींनी एका दमात 'पायरसी'वर टिचकी मारली आणि सगळ्यांच्या पडद्यावर बरोबरची हिरवी खूण उमटली. चुकायची सोयच नव्हती. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात 'अॅक्टिव्हेट विंडोज' ही फिकट अक्षरांतली विनवणी प्रत्येक मशीनवर झळकत होती. सोदाहरण स्पष्टीकरण म्हणतात ते हेच.

सर खुशीत होते. नीतिमत्ता हा धडा त्यांच्या क्लासात पहिल्यापासून स्कोअरिंग समजला जातो. एक्सेलच्या सूत्रांत पोरं गळपटतात, टॅलीत जीएसटी आला की रडकुंडीला येतात. नीतिमत्तेत मात्र आजवर कुणी नापास झालेलं नाही.

क्लासचं नाव सांगत नाही. कोरेगाव भीमापासून सणसवाडी-शिक्रापूरपर्यंत हमरस्त्याला इतके क्लास आहेत, की नाव न सांगितल्यामुळं दहा जणांना हे आपल्यावरच लिहिलंय असं वाटेल, आणि त्यातल्या आठ जणांचं बरोबर असेल.

आमचं गाव कोरेगाव भीमा, पुणे-नगर रस्त्यावर. वाघोली, लोणीकंद मागं टाकून भीमेचा पूल ओलांडला की लागतं. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा जयस्तंभ पुलाच्या अलीकडं पेरण्याच्या हद्दीत आहे. दर १ जानेवारीला लाखो माणसं तिथं अभिवादनाला येतात. जवळच वढू बुद्रुकला संभाजी महाराजांची समाधी. इतिहासाच्या बाबतीत आम्ही श्रीमंत माणसं. वर्षाचे उरलेले दिवस वर्तमानात, म्हणजे वाहतूक कोंडीत काढतो. सणसवाडी आणि रांजणगावचे कारखाने आल्यापासून इथल्या पोरांच्या पत्रिकेत दोनच ग्रह महत्त्वाचे : आयटीआय आणि कॉम्प्युटर. गेटवरच्या माणसाला 'एक्सेल येतं का?' हा प्रश्न सोडून दुसरा येत नाही. 'येतं' म्हणायला सर्टिफिकेट लागतं, आणि सर्टिफिकेटला क्लास.

या सगळ्याची गंगोत्री म्हणजे एमएस-सीआयटी. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळानं हा अभ्यासक्रम आणला आणि बघता बघता तो सातवी पास, बारावी पास यासारखा बायोडेटातला एक ठरलेला मुक्काम झाला. पुढं सरकारी नोकरांनाही तो सक्तीचा झाला, पास न होणाऱ्याची वेतनवाढ अडकू लागली, आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतले गुरुजी संध्याकाळच्या बॅचला यायला लागले. ज्यांनी आम्हाला शेजाऱ्याच्या पाटीत डोकावलं म्हणून उन्हात उभं केलं होतं, तेच गुरुजी शेजारच्या मशीनवरून माझ्या पडद्यावर डोकावत 'आता कुठं दाबायचं रे?' असं पुटपुटत होते. मी दाखवलं. गुरुदक्षिणा द्यायची अशी संधी पुन्हा येत नाही.

आता खरं नवल पुढंच आहे. मालकी म्हणजे काय, हे शिरूर तालुक्याला शिकवायला बाहेरून कुणी यायची गरज नाही. सातबारा, आठ-अ, फेरफार ही आमची बाराखडी. सरकारी मोजणीवाला आला की लग्नाला न आलेली भावकीही झाडून हजर असते. नांगराच्या एका तासानं बांध कोरला म्हणून तीन-तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी घराणी आमच्याकडं आहेत, आणि त्यांना समाजात मान आहे. नगर रस्त्याकडेच्या गुंठ्याला भाव आल्यापासून तर वीतभर जागेसाठी माणूस सख्ख्या भावाला ओळख देत नाही. माझ्या चुलत्यांनी, म्हणजे नानांनी, माझ्या वडिलांना बरीच वर्षं दिली नव्हती.

त्याच नानांच्या नातवाला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचा होता. दुकानदारानं मशीनची किंमत सांगितली आणि वर 'ओरिजिनल विंडोज, ऑफिस पाहिजे असेल तर त्याचे वेगळे' असं म्हणाला. नाना ताडकन उठले.

"वेगळे कशाचे? त्यात काय लोखंड घातलंय का तांबं?"

मी मध्ये पडलो. म्हटलं, नाना, ते कुणीतरी डोकं चालवून तयार केलेलं असतं, त्याचे पैसे.

"बरं. आता मला सांग. त्या पोऱ्यानं शेजाऱ्याच्यातनं उतरून घेतलं, तर शेजाऱ्याचं जातंय का?"

"नाही."

"ज्यानं केलं त्याच्याकडचं जातंय का?"

"तसं नाही जात, पण..."

"मग? बांध कोरला तर माझी जमीन कमी होती. हितं त्याचं त्याच्यापाशी हाय, ह्याचं ह्याच्यापाशी. चोरी कुठं झाली?"

अर्थशास्त्राचे प्राध्यापक एवढीच गोष्ट सांगायला दोन दिवसांचा सेमिनार घेतात आणि वर जेवण देतात. नानांना उत्तर देता आलं असतं. जमिनीचं पीक दुसऱ्यानंच नेलं तर जमीन जागेवर असून मालकाला काय उपयोग, असं विचारता आलं असतं. पण त्यासाठी नदीकडच्या तुकड्याचं उदाहरण द्यावं लागलं असतं, आणि ते उदाहरण आमच्या घरात देत नाहीत.

कायदा नानांच्या बाजूचा नाही. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम शिरला १९८४ च्या दुरुस्तीनं, आणि कायदेपंडितांनी त्याला बसवलं कुठं, तर साहित्यकृतींच्या रांगेत. म्हणजे कायद्याच्या लेखी टॅली हे वाङ्मय आहे. संरक्षणाची मुदतही कादंबरीइतकीच : लेखकाच्या हयातीत आणि वर साठ वर्षं. एवढं असूनही साहित्य संमेलनात 'मराठी प्रोग्रॅम : आशय आणि अभिव्यक्ती' असा परिसंवाद अजून कुणी ठेवलेला नाही, याबद्दल प्रोग्रॅमरांनी एकदा मंडपात घोषणा द्यायला हरकत नाही. १९९४ च्या दुरुस्तीत कलम ६३-ब आलं. चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरली, तर कमीत कमी सात दिवस आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, शिवाय पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी वापरली नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं. हे कलम मी सरांना वाचून दाखवलं. सरांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "पण आपण शिकवण्यासाठी वापरतो."

हे वाक्य सरांकडं कुठून आलं तेही मला ठाऊक आहे. कायद्याच्या ५२ व्या कलमात शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला शिकवण्याच्या ओघात प्रत काढायची थोडी मुभा आहे. त्यावरून दिल्लीत मोठा खटला झाला. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस अशा तीन बड्या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्सवाल्याला, रामेश्वरी फोटोकॉपीला, कोर्टात खेचलं. १६ सप्टेंबर २०१६ ला उच्च न्यायालयानं झेरॉक्सवाल्याच्या बाजूनं निकाल दिला. कॉपीराइट हा काही देवानं दिलेला हक्क नव्हे, अशा अर्थाचं त्यात म्हटलं होतं. अपिलात खंडपीठानं काही मुद्दे पुन्हा तपासायला सांगितले, पण शेवटी २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागं घेतला. निकाल होता नेमलेल्या पुस्तकांतली पानं काढून वर्गासाठी संच करण्याबद्दल. कोरेगावात पोचेपर्यंत त्यातली पानं गळाली, पुस्तकं गळाली, आणि 'शिकवायला चालतं' एवढाच ऐवज उरला. आमच्या रस्त्याला त्या निकालाची बातमी सगळ्यात मोठ्यानं वाचली ती झेरॉक्सवाल्यानं. त्याच्या पाटीवर 'येथे झेरॉक्स मिळेल' असं लिहिलेलं आहे आणि आतलं मशीन भलत्याच कंपनीचं. झेरॉक्स हे एका कंपनीचं राखीव नाव आहे आणि ते असं वाटेल त्यानं वापरू नये म्हणून ती कंपनी वर्षानुवर्षं जाहिराती देत आली आहे, हे मी त्याला सांगितलं. त्या माहितीचा कागद असेल तर एक प्रत काढून ठेवतो, असं तो म्हणाला.

आपल्याकडचीच माणसं अशी, असं समजून कुणी वाईट वाटून घेऊ नये. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स नावाच्या वीस वर्षांच्या पोरानं, म्हणजे आपल्याकडं एसवायला असतो तेवढ्या पोरानं, अमेरिकेतल्या हौशी कॉम्प्युटरवाल्यांना एक जाहीर पत्र लिहिलं. आम्ही एवढ्या कष्टानं बेसिक लिहिलं, आणि तुमच्यातले बहुतेक जण ते उतरून घेऊन वापरता, अशी त्याची तक्रार. म्हणजे कॉम्प्युटर घरात यायला लागला आणि त्याच्या पाठोपाठ, बहुधा त्याच टेम्पोतून, पायरसीही आली. पुढं १९९८ साली हेच गेट्स चीनबद्दल बोलताना म्हणाले, की लोक चोरणारच असतील तर निदान आमचंच चोरू देत. एकदा सवय लागली की पैसे कसे वसूल करायचे ते नंतर बघू. बावीस वर्षांत माणूस किती व्यवहारी होतो बघा. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेनं २०१८ साली जाहीर केलेल्या पाहणीत भारतात वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी ५६ टक्के विनापरवाना असल्याचं म्हटलं होतं. कोरेगावात विचारायला कुणी आलं असतं तर त्यांची सरासरी आम्ही सहज वर नेली असती.

प्रामाणिकपणाचे धोकेही मी डोळ्यांनी पाहिले आहेत. टॅलीत एक शैक्षणिक पद्धत असते. पैसे न भरता शिकायला मोकळी. अट एवढीच, की नोंदी महिन्याच्या १, २ आणि शेवटच्या तारखेच्याच करता येतात. कंपनीनं विचार करून ठेवलेली अट आहे, कारण या तीन तारखांवर धंदा चालवू शकेल असा व्यापारी जन्माला यायचाय. आमच्या गल्लीतली एक मुलगी अशा सरळमार्गी क्लासात शिकली. चुकून असेलही एखादा. सणसवाडीत एका छोट्या कारखान्यात लागली. पहिल्या आठवड्यात साहेबांनी सतरा तारखेचं बिल दिलं तेव्हा ती थबकली. तिच्या लेखी सतरा तारखेला व्यवहार होतच नव्हते. मालाची आवक एकला, विक्री दोनला आणि पश्चात्ताप एकतीसला, असा तिच्या शिक्षणातला वाणिज्य होता. 'सर, हे दोन तारखेला टाकू का?' असं तिनं विचारल्यावर साहेब घाबरले. त्यांना वाटलं पोरगी फार पोचलेली आहे, आल्या आल्या हिशेब फिरवायचं बोलते.

ऑटोकॅडच्या जुन्या विद्यार्थी-आवृत्तीची तर दहशत होती. ती फुकट मिळायची, पण तिच्यातलं रेखाटन छापलं की कागदाच्या चारही कडांना 'ही विद्यार्थी-आवृत्ती आहे' असा शिक्का उमटायचा. एवढ्यावर थांबतं तर ठीक. त्या रेखाटनातला एखादा नट-बोल्ट उचलून कंपनीच्या पैसे भरलेल्या ऑटोकॅडमध्ये टाकला की शिक्का तिथंही चढायचा. एका पोराच्या कॉलेजच्या बोल्टामुळं अख्ख्या मशीनचं रेखाटन बाटल्याच्या कथा या पट्ट्यातले ड्राफ्ट्समन अजून सांगतात. म्हणून सर विद्यार्थ्यांना बजावत, "ती फुकटची घेऊ नका, भानगड होते. मी देतो ती घ्या. तिला शिक्का येत नाही." पुढं कंपनीनंच तो शिक्का काढून टाकला, सरांचा सल्ला मात्र कायम आहे.

आणि इथंच या सगळ्या प्रकरणातली मला न उलगडलेली गाठ आहे. चोरायचं का, तर पैसे नाहीत म्हणून, हे मी समजू शकतो. पण कायद्यानं, राजरोस, फुकट मिळतं ते कुणी घेत नाही! १९८३ साली रिचर्ड स्टॉलमननं मुक्त सॉफ्टवेअरचा झेंडा रोवला, १९९१ मध्ये लिनक्स आलं, २०१० मध्ये लिबरऑफिस आलं. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनं बॉस नावाची स्वतःची लिनक्स काढली. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात तर या मुक्त सॉफ्टवेअरचे धडे चक्क मराठीत बोलून दाखवलेले आहेत. वाटा, उतरून घ्या, कुणी आडवं येणार नाही. हे सगळं मी एकदा सरांना मोठ्या उत्साहानं सांगितलं.

"फुकट आहे?"

"हो."

"कायमचं?"

"कायमचं."

"मग काहीतरी खोट असणार," असं म्हणून त्यांनी ड्रॉवरमधून पेनड्राइव्ह काढला. त्यांच्याकडं 'विंडोज फायनल', 'विंडोज फायनल नवीन' आणि 'विंडोज फायनल हीच घ्यावी' अशा तीन आवृत्त्या होत्या. दुसऱ्याच्या घामाची वस्तू क्रॅक करून वापरायला त्यांचा हात कचरत नाही; कुणी प्रेमानं हातात ठेवलेली वस्तू घ्यायला कचरतो. सरांनाही सगळा दोष देता येत नाही. गेटवरचा माणूस 'एक्सेल येतं का?' विचारतो, 'कॅल्क येतं का?' विचारत नाही. गणित तेच, खाने तेच, पण 'कॅल्क येतं' म्हणणाऱ्या पोराला आमच्या पट्ट्यात हेल्परमध्ये भरती करतील.

फॉन्टची कथा निराळी, कारण तिथं कंपन्याच आमच्याइतक्या हुशार निघाल्या. डीटीपीचा धंदा भरात होता त्या काळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी घेतलं की सोबत एक डोंगल यायचं. बोटाएवढी वस्तू, ती कॉम्प्युटरच्या पाठीत खोचल्याशिवाय मराठीचा एक काना उमटत नसे. चोरायची तर ती वस्तूच चोरावी लागे, आणि वस्तूची चोरी म्हटल्यावर आमच्या लोकांना लगेच नीती आठवते. लग्नसराईत डीटीपीवाला दुकान बंद करताना गल्ल्याआधी डोंगल खिशात टाकायचा. ज्यांना डोंगल परवडत नव्हतं ते कृतिदेव लावून बसायचे. ते कुणाचं, कुठून आलं, हे कुणी विचारलं नाही. आज युनिकोड आहे, एक टाइपसारख्या मुंबईच्या मंडळींनी 'मुक्त' नावाचा देखणा देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याखाली देऊन टाकलाय. तरी आमच्या चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स बघा. भावी सरपंचांच्या मागं डरकाळी फोडणारा वाघ असतो आणि वाघाच्या अंगावर तिरप्या रेषेत, पट्ट्यांच्या उलट दिशेनं, फोटो विकणाऱ्या कंपनीचं नाव पुन्हा पुन्हा छापलेलं असतं. पैसे भरले की ते नाव जातं. फ्लेक्सवाल्याला विचारलं तर म्हणाला, "ते डिझाइन आहे. साहेबांना आवडलं. पुढच्या वेळी जरा मोठं घे म्हणालेत."

इथवरच्या गोष्टींना मी फार तर हसतो. कॉलेजच्या प्रोजेक्टपाशी आलं की मात्र माझं हसू थोडं आखडतं.

पदवीच्या शेवटच्या वर्षाला विद्यार्थ्यानं स्वतः एक प्रणाली तयार करायची असते. गेली वीसेक वर्षं आमच्या भागातले विद्यार्थी 'हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम' तयार करताहेत. तीच. थोरल्यानं धाकट्याला दिली, धाकट्यानं मित्राला, मित्रानं मेव्हण्याला. तिच्यात 'पेशंट' या शब्दाचं स्पेलिंग पहिल्यानं चुकवलं होतं, ते घराण्याचं आडनाव असावं तसं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. एका अहवालात ऋणनिर्देशाच्या पानावर सोलापूरकडच्या कुठल्याशा कॉलेजच्या प्राचार्यांचे आणि 'माझ्या पूज्य वडिलांचे' आभार मानलेले होते. प्राचार्य बदलायचे राहिले होते. वडील कुणाचे, हे तोंडी परीक्षेत कुणी विचारलं नाही. अकरावीच्या आयटीच्या पुस्तकात सायबर कायद्याच्या धड्यात पायरसीच्या बरोबरीनं वाङ्मयचौर्यही शिकवलेलं असतं. त्याचा गृहपाठ बहुतेकांनी एकमेकांचाच उतरवलेला असतो, त्यामुळं निदान शिक्षकांना तपासायला सोपं जातं. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ साली नियम केले, की संशोधनात दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, साठ टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. आमच्या हॉस्पिटलचं साम्य शंभर टक्के आहे, पण ते पीएचडीला नाही म्हणून वाचलं.

आता चॅटजीपीटी आल्यापासून उतरवायलाही माणूस लागत नाही. परवा एका अहवालाच्या शेवटच्या प्रकरणाची सुरुवात वाचली : 'नक्कीच! हा घ्या तुमच्या प्रकल्पासाठी प्रभावी निष्कर्ष.' छापलेलं, बाइंडिंग केलेलं, सोनेरी अक्षरांत कॉलेजचं नाव. आणि ज्या यंत्रावरून पोरानं हे उचललं त्या यंत्राच्या कंपनीवर, तुम्ही आमच्या बातम्या विनापरवाना उचलून यंत्राला चारल्या, म्हणून एएनआय या वृत्तसंस्थेनं नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावलाय. चोरावर मोर म्हणावं, तर मोर कोण हेच ठरेना.

या बाबतीत आमच्या नदीचा अनुभव जुना आहे. देहूवरून येणारी इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते आणि ते पाणी पुढं कोरेगावच्या पुलाखालून जातं. ज्या पाण्यात तुकोबांच्या वह्या बुडवल्या गेल्या त्याच्याच वाटेवरचं आमचं गाव. गाथा तेरा दिवसांनी तरली अशी श्रद्धा आहे, आणि ती लोकांच्या तोंडी होती म्हणून तरली असंही सांगणारे आहेत. संताजी जगनाड्यांनी अभंग लिहून ठेवले, ते चाकणचे. म्हणजे शिक्रापूरहून सरळ रस्ता. कुणाची परवानगी घेऊन लिहिले, किती प्रती काढल्या, असा प्रश्न तुकोबांनी विचारल्याची नोंद नाही. त्यांना राग आला तो सालोमालोचा. हा गृहस्थ तुकोबांचेच अभंग म्हणायचा आणि शेवटी नाममुद्रा आपली ठोकायचा. शेकडो वर्षांत ज्यांनी ज्यांनी गाथा उतरवली त्यांच्यातल्या बहुतेकांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत. सालोमालोचं मात्र ठाऊक आहे. सरांच्या पेनड्राइव्हवरची विंडोज 'मी बनवली' असं सरांनी कधी म्हटलेलं नाही, हे त्यांच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे. हॉस्पिटलवाल्या पोरांना तेवढंही म्हणता येणार नाही. शिवाय विंडोज उतरवून घेणाऱ्याला पुढं एक्सेल तरी येतं. हॉस्पिटल उतरवून घेणाऱ्याला हॉस्पिटलही येत नाही.

हे मी सरांना सांगणार होतो, पण त्याआधीच त्यांना ते निराळ्या मार्गानं कळलं.

सरांनी स्वतः नोट्स काढल्या होत्या. टॅली, एक्सेल आणि शेवटी नीतिमत्ता. खरोखर मेहनत केली होती. रात्री क्लास सुटल्यावर दोन-दोन वाजेपर्यंत टाइप करायचे. पहिल्या पानावर गोलातला सी, त्याखाली 'सर्व हक्क सरांच्या स्वाधीन', आणि प्रत्येक पानाच्या तळाला त्यांचा मोबाइल नंबर. मे महिन्यात एक विद्यार्थिनी हातात एक पुस्तिका घेऊन आली. पुढच्या गावातल्या क्लासची. मुखपृष्ठ गुळगुळीत, त्यावर त्या क्लासच्या सरांचा गॉगल लावलेला फोटो, आणि आत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत आमच्या सरांच्या नोट्स. नीतिमत्तेचा धडासुद्धा. नंबर तेवढा बदललेला.

मी सरांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "अहो, चोरी म्हणजे चोरी! वाटल्या असत्या तर मला आनंदच झाला असता. पण माझं नाव खोडून स्वतःचं टाकलं?" ते ६३-ब कलम त्यांना आता तोंडपाठ निघालं. ते पुस्तकांना लागू नाही, ६३ लागेल, असं मी म्हणालो, तर म्हणाले, दोन्ही लावू. आम्ही शिरूरला वकिलांकडं गेलो. वकिलांनी दोन्ही पुस्तिका शेजारी ठेवून शांतपणे पाहिल्या, केस मजबूत आहे म्हणाले, आणि पुराव्यासाठी मूळ फाइल असलेला कॉम्प्युटर कोर्टात हजर करावा लागेल असं सांगितलं.

"कॉम्प्युटर?"

"हो. म्हणजे कधी टाइप केलं, कशात टाइप केलं, सगळं येईल ना त्यात."

सर थोडा वेळ पंख्याकडं बघत बसले. मग त्यांनी, आपापसांत मिटवायचा एकदा प्रयत्न करून बघतो, असं सांगून वकिलांचा निरोप घेतला.

येताना बसमध्ये ते दुसऱ्याची पुस्तिका चाळत होते. शिक्रापूर चौकात गाडी नेहमीप्रमाणं अडकली, त्यामुळं त्यांना ती नीट वाचायला मिळाली. त्या माणसानं पृष्ठांक टाकले होते, जे सरांकडून राहिले होते. जीएसटीचे जुने दर दुरुस्त केले होते. मागं अनुक्रमणिका दिली होती. नीतिमत्तेच्या धड्यात सरांकडून दोनदा आलेला एक प्रश्न काढून टाकून तिथं नवा घातला होता, आणि तो चांगला होता.

जूनच्या बॅचला सरांनी त्या आवृत्तीचीच झेरॉक्स काढली. मुखपृष्ठ तेवढं बदललं.